घरपट्टीतून बस चालवली तर?

साखळीकर:
माझा भाचा अमेरिकेत मिशिगनला, ॲन आर्बरमध्ये घर घेऊन राहतो. त्याच्या घरपट्टीत बससेवेचा वेगळा आकार असतो. २०१४ साली तिथल्या लोकांनी मतदान करून ०.७ मिल (एक मिल म्हणजे हजार डॉलर मूल्यामागे एक डॉलर) जादा कर लावून घेतला. म्हणजे करपात्र मूल्य १ लाख डॉलर असेल तर वर्षाला ७० डॉलर. त्यातून रात्री उशिरापर्यंत आणि शनिवार-रविवारी गाड्या वाढवायच्या होत्या.

आमच्याकडे गोव्यात काय? संध्याकाळी पणजी स्टँडवर डिचोली-साखळीच्या गाडीला ही झुंबड. शेवटची खासगी बस प्रवासी कमी दिसले की येतच नाही. मग पोराला फोन, नाहीतर पायलट, म्हणजे भाड्याची मोटारसायकल. घरात तीन माणसं आणि तीन स्कूटर, त्या काय हौस म्हणून घेतल्या? बस नक्की येणार असेल तर मी घरपट्टी जास्त भरीन. तुम्ही भराल?

फोंड्याचा भाडेकरू:
घरपट्टी वाढली की मालक भाडं वाढवणार. म्हणजे भरणार आम्हीच. आणि कदंबला, म्हणजे सरकारी बस महामंडळाला, सरकार पैसे देतंच की, ते आपल्याच करातले.

माजी पंच, बार्देस:
घरपट्टी पंचायतीची. त्यात कचरा, गटार, रस्त्यावरचे दिवे भागवताना नाकी नऊ येतात, वर थकबाकी. बस मात्र दहा पंचायती ओलांडून जाते. एकीने भरले, दुसरीने नाही म्हटलं, तर? डेट्रॉइटच्या उपनगरांत हेच झालं. बसच्या करातून बाहेर राहायची मुभा होती, कित्येक गावं बाहेर राहिली आणि सेवेत भोकं पडली. शेवटी २०२२ मध्ये तिथल्या ओकलंड काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) सगळ्यांना धरून मतदान घेतलं, तेव्हा बाहेरची गावंही आत आली. इथे करायचंच तर निदान तालुक्याचा निधी करा. पंचायतीच्या हाती देऊ नका, हे मी पंच होतो म्हणूनच सांगतो.

पेडणेकरीण:
आमच्या वाड्याजवळच्या कॉम्प्लेक्समधले निम्मे फ्लॅट वर्षभर बंद. मालक दिल्ली-मुंबईचे. जाहिरातीत मात्र ‘बसस्टॉप दोन मिनिटांवर’! बसमुळे भाव वाढतो ना, मग बंद फ्लॅटवर दर जास्त लावा. जुन्या कौलारू घरातल्या म्हातारीला सोडा.

साखळीकर:
@फोंड्याचा भाडेकरू, कदंबचे पैसे पणजीत ठरतात. आमची फेरी बंद झाली तर विचारायचं कुणाला? ॲन आर्बरला तो कर पाच वर्षांपुरता होता, पुढे हवा तर पुन्हा मतं मागायची. मला तो भाग जास्त आवडला. इथल्या सरकारी फेरीबोटीत चालत चढणाऱ्याला तिकीट नसतं, त्यावर कुणी ओरडत नाही, कारण बोट समोर दिसते.

@माजी पंच, तालुक्याचं पटलं. ग्रामसभेत मांडायचं तर ठरावात ‘शेवटची फेरी रात्री साडेनऊला, प्रवासी असोत नसोत’ हे आधी घालायचं, कराचा आकडा मागाहून. कच्चा मसुदा बघून द्याल?