‘डेकन’ला मराठीत काय म्हणायचं? द्रेष्काण चालेल का?

मोगरी
नमस्कार. एका मासिकासाठी प्राचीन इजिप्तच्या कालगणनेवरचा लेख मराठीत आणतेय आणि एका शब्दापाशी चार दिवस अडून बसलेय. इजिप्तच्या लोकांनी आकाशातल्या ताऱ्यांचे 36 गट धरले होते. दर दहा दिवसांनी पहाटे, सूर्याच्या जरा आधी, एक नवा गट पूर्वेला डोकं वर काढायचा. त्यांचं वर्ष 30 दिवसांच्या 12 महिन्यांचं आणि वर पाच दिवस जोडलेले. छत्तीस दाहे तीनशेसाठ, हिशेब बसतो. या गटाला इंग्रजीत ‘डेकन’ म्हणतात. पहिल्या खर्ड्यात तसंच ठेवलं, तर वाचलेल्या तिघांपैकी दोघांनी ‘डेक्कन’ वाचलं. मग ‘द्रेष्काण’ लिहिलं. माझे मामा पत्रिका बघतात, त्यांनी त्या शब्दाखाली लाल रेघ मारली. म्हणाले, “द्रेष्काण म्हणजे राशीचा तिसरा हिस्सा, दहा अंशांचा. त्यात तारे कुठून आले?” संपादकांनी ‘तारकागट’ सुचवलाय. तो मला फार मोघम वाटतो, सप्तर्षीही तारकागटच की. पान गुरुवारी छपाईला जातं. काय करू?

कुंभार्डी
मामांचं बरोबर आहे. रास 30 अंशांची, तिचे तीन द्रेष्काण. पहिल्याचा स्वामी त्याच राशीचा, दुसऱ्याचा तिथून पाचव्या राशीचा, तिसऱ्याचा नवव्या राशीचा. द्रेष्काण कुंडली आम्ही भावंडांच्या विचारासाठी मांडतो. हे सगळं गणित झालं, त्यात एकही तारा डोळ्यांनी बघायचा नसतो. तुमच्या लेखात माणसं अंधारात उभी राहून तारे बघताहेत. शब्द तोच वापरलात तर पत्रिका माहीत असलेला वाचक पहिल्याच परिच्छेदात भलतीकडे जाईल.

जुनाबाड
कुंभार्डी, पण हा शब्द आपल्याकडे आला कुठून ते बघा. ग्रीकमध्ये ‘देकानोस’, म्हणजे दहांचा म्होरक्या. इजिप्तच्या त्या 36 ताऱ्यागटांना ग्रीकांनी हे नाव दिलं. त्याआधी बाबिलोनची बारा राशींची कल्पना इजिप्तमध्ये पोचली होती. 36 भागिले 12 म्हणजे राशीला तीन. तिथे ताऱ्यांचे गट राशीत बसवले गेले आणि हळूहळू तारे गळून नुसते दहा अंश उरले. इजिप्तमधल्या देंदेराच्या देवळातलं गोल राशिचक्र बघा, 1821 मध्ये छतातून कापून काढलेलं, आता पॅरिसला लूव्रमध्ये आहे. मध्ये मेष-वृषभ वगैरे राशी आणि कडेने हे 36 जण ओळीने चाललेले. दोन्ही कल्पना एकाच दगडावर आहेत. ग्रीकांकडून तो शब्द संस्कृतात आला, द्रेष्काण झाला. म्हणजे मोगरी मूळ घराबद्दल लिहितेय आणि मामा त्याच घराण्याच्या धाकट्या पातीबद्दल बोलताहेत. आडनाव एकच आहे, मग वापरायला काय हरकत?

पंतोजी
प्रत्येक गोष्ट ग्रीकांच्या पदरात टाकायची घाई का? ‘दृकाण’ असंही रूप ग्रंथांत आहे. दृश् धातूशी त्याचा संबंध उघड आहे. जे पाहायचं ते दृकाण. शब्द संस्कृत आहे, तो परका ठरवून मग परक्या देशातल्या गोष्टीला चिकटवणं मला पटत नाही.

जुनाबाड
पंतोजी, आदर ठेवून सांगतो. द्रेष्काण, द्रेक्काण, दृकाण अशी तीन-तीन रूपं एका शब्दाची दिसतात तेव्हा तो कानावरून आलेला असण्याचीच शक्यता जास्त. घरचा शब्द असा चाचपडत लिहिला जात नाही. शिवाय तो एकटा आला नाही. केंद्र, जामित्र, पणफर, आपोक्लिम, लिप्ता, सगळी वरात ग्रीकमधली आहे. ‘केंद्र सरकार’ म्हणताना कुणाला परकं वाटतं का? आणि हे लपवायची गरज वराहमिहिरालाही वाटली नव्हती. यवनांकडे, म्हणजे ग्रीकांकडे, हे शास्त्र नीट आहे, म्हणून त्यांनाही ऋषींसारखं पूजतात, असं सहाव्या शतकात तो स्वतः लिहून गेलाय.

पंतोजी
त्याच वराहमिहिराने ‘होरा’ हा शब्द ‘अहोरात्र’मधून काढलाय. पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळा, होरा उरतो. तो पुरावा का मोजायचा नाही?

जुनाबाड
कारण तिथे त्याने ‘एके’ म्हटलंय. काही जण असं मानतात, एवढंच. स्वतःचं मत म्हणून ते मांडलेलं नाही. एक शब्द तेवढा निसटतो आणि अर्थ बदलतो.

सायली_नगर
होरा निघालाच आहे म्हणून विचारते. आमच्या घरी ‘माझा होरा चुकला’ रोज ऐकू येतं, म्हणजे अंदाज चुकला. हा तोच होरा का? ग्रीकांचा तास, आपल्या ज्योतिषात राशीचा अर्धा भाग, आणि आजीच्या तोंडी अंदाज? एवढा प्रवास खरा असेल तर मला द्रेष्काणाची चिंता वाटत नाही. शब्द अर्थ बदलतातच.

जुनाबाड
तोच. होरा बघणारा होराभूषण जे सांगतो तो होरा, आणि मग कुणीही बांधलेला अंदाज. तसाच आणखी एक नातेवाईक सांगतो: वैद्यकीय कॉलेजातला ‘डीन’. लॅटिनमध्ये ‘देकानुस’, दहांवरचा अधिकारी, त्याचं झिजत झिजत डीन झालं. डीन आणि द्रेष्काण एकाच कुळातले.

पंतोजी
डीनला आपल्याकडे अधिष्ठाता हा उत्तम शब्द आहे, एवढं नोंदवून ठेवतो.

गावशीव
मी शेतकरी घरातला. मला एवढं कळतं की तुम्ही ज्याला मराठी शब्द शोधताय तो आमच्याकडे आधीच आहे. नक्षत्र! ‘मृग लागला’, ‘आर्द्रा कोरड्या गेल्या’, पुनर्वसूचा ‘तरणा पाऊस’, पुष्याचा ‘म्हातारा पाऊस’, यातल्या नक्षत्राचं प्रत्येक नाव ताऱ्यांच्या गटाचंही आहे आणि तेरा-चौदा दिवसांच्या मुदतीचंही. पेरणी तारखेने कुणी सांगत नव्हतं, नक्षत्राने सांगायचं. इजिप्तमध्ये दहा दिवसांचं, आपल्याकडे तेरा-चौदा दिवसांचं, एवढाच फरक. ‘इजिप्तची 36 नक्षत्रं’ लिहा, खेड्यातला माणूसही समजेल.

कुंभार्डी
नक्षत्रं 27. छत्तीस लिहिलंत की पत्रं येतील.

मोगरी
गावशीव, तुमचं पोस्ट वाचून मी रात्री उठून खर्डा काढला. तारा आणि मुदत एकाच शब्दात, हेच मला हवं होतं आणि ते मला पुस्तकात शोधूनही मिळत नव्हतं. पण एक अडचण दिसली. मृग लागतो जूनच्या पहिल्या आठवड्यात, सूर्य मृगात जातो तेव्हा. म्हणजे ज्या दिवसांना मृगाचं नाव आहे त्या दिवसांत मृग आभाळात दिसत नाही, तो सूर्याच्या उजेडात बुडालेला असतो. इजिप्तमध्ये याच्या उलट. ज्याचा गट पहाटे दिसला, त्याचे ते दहा दिवस. या सगळ्यांत मानाचा व्याध. तो 70 दिवस नाहीसा व्हायचा, मग एका पहाटे पुन्हा दिसायचा आणि त्याच सुमाराला नाईलला पूर यायचा. त्यांच्या लेखांत असं आहे की हे तारे 70 दिवस पाताळात जातात, शुद्ध होतात आणि परत येतात. मृत देहाची ममी करायलाही 70 दिवसच धरलेत.

दुसरं म्हणजे हे तारे नुसते पंचांग नव्हते, घड्याळही होते. इ.स.पू. 2100 च्या आसपासच्या लाकडी शवपेट्या आहेत, बऱ्याचशा अस्यूतच्या. त्यांच्या झाकणावर आतल्या बाजूने तक्ता रंगवलाय, म्हणजे मेलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल असा. उजवीकडून डावीकडे वाचायचा. प्रत्येक उभा रकाना दहा दिवसांचा, त्यात बारा घरं, रात्रीच्या बारा भागांची. पहाटे उगवणाऱ्या गटाचं नाव तळाच्या घरात. पुढच्या रकान्यात तेच नाव एक घर वर, त्याच्या पुढच्यात आणखी एक वर. दहा दिवसांत तारा साधारण 40 मिनिटं आधी उगवतो, म्हणून. सगळा तक्ता बघितला की एकच नाव जिन्याने चढत गेल्यासारखं तिरकं दिसतं. मी त्याचा फोटो कितीतरी वेळ बघत बसले होते. रात्रीचे बारा आणि पुढे दिवसाचे बारा असे आपले 24 तास या वाटेने आलेत. ‘नक्षत्र’ म्हटलं की हे घड्याळ कुठे दिसतं?

सायली_नगर
‘दशक’ का नको? दासबोधात वीस दशक आहेत, प्रत्येकात दहा समास. दशक म्हणजे दहा वर्षंच असं थोडंच आहे? ‘दशक-तारे’ लिहा.

पंतोजी
हे मला मान्य आहे. किंवा ‘दशाह’, म्हणजे दहा दिवसांचा काळ. दशाहतारका. शुद्ध आणि नेमका.

सायली_नगर
दशाह म्हटलं की लोकांना सुतक आठवेल, पंतोजी.

पंतोजी
विषय शवपेट्यांचा आहे. आठवलं तर बिघडलं कुठे?

रानजाई
मध्येच एक सांगते, ‘सूर्यासह उदय’ असले जड शब्द मात्र करू नका. पंचांगात शुक्राचा अस्त, गुरूचा उदय म्हणतात तो हाच प्रकार. ‘अगस्तीचा उदय’ तर थेट ताऱ्याचा आहे. अगस्ती उगवला की पाणी निवळतं असं आपल्याकडे म्हणतात, तिकडे व्याध उगवला की पाणी चढतं. ‘व्याधाचा उदय’ एवढंच लिहा.

जुनाबाड
रानजाई, हे फार नेमकं सांगितलंत. मी मात्र अजूनही द्रेष्काणाच्या बाजूने आहे आणि त्याला कारण एक भिंत आहे. इटलीत फेरारा गावी स्किफानोया नावाचा वाडा आहे, त्यात पंधराव्या शतकातली भित्तिचित्रं. मार्च महिन्याच्या पट्ट्यात मेषेच्या पहिल्या द्रेष्काणाचा पुरुष काढलाय: सावळा, फाटक्या पांढऱ्या कपड्यांतला, कमरेला दोरी. 1912 मध्ये कलेचे इतिहासकार आबी वारबुर्ग यांनी दाखवून दिलं की हा माणूस वराहमिहिराच्या बृहज्जातकातल्या वर्णनातून, अरबी ग्रंथांच्या वाटेने, तिथे पोचला. आपल्याकडे तो काळा, लाल डोळ्यांचा, कमरेला पांढरं वस्त्र, हातात उगारलेला परशू. तिथे पोचेपर्यंत परशू गळाला आणि कमरेला दोरी आली. मी त्या भिंतीसमोर उभा होतो तेव्हा मला डोळ्यांत पाणी आलं होतं. नाईलवरून आपल्याकडे, आपल्याकडून बगदादला, तिथून इटलीला. एवढं ज्या शब्दाने पाहिलं, त्याला बाजूला सारून ‘तारकागट’?

कुंभार्डी
बृहज्जातकातलं ते वर्णन आम्ही तोंडपाठ केलंय, पण ते इटलीत आहे हे आज कळलं. तरीही त्या वर्णनात तारा नाही, पुरुष आहे. माझा मुद्दा तोच.

गावशीव
घड्याळावरून आठवलं. माझे आजोबा ऐन पौषात गाडी घेऊन बाजाराला निघायचे. खळ्यात घोंगडी पांघरून निजायचे आणि मध्येच उठून पश्चिमेला बघायचे. “तिकांडं लिंबाखाली उतरलं, उठा,” म्हणायचे. लिंब म्हणजे आमचा बांधावरचा कडुलिंब. तिकांडं शेंड्यावर असेल तर अजून एक झोप आहे, फांदीत असेल तर बैलांना वैरण टाकायची वेळ, खाली उतरलं की जुंपायचं. एक झाड आणि तीन तारे, एवढंच घड्याळ होतं आमच्याकडे.

मोगरी
गावशीव, हे मी लेखाच्या सुरुवातीला घेऊ का? तुमचं नाव न घालता. शब्दाचं मात्र अजून ठरलेलं नाही. सध्या पहिल्या वेळी ‘द्रेष्काण’ आणि लगेच एका वाक्यात खुलासा, पुढे जिथे पहाट आणि तारे आहेत तिथे ‘दहा दिवसांचं नक्षत्र’. मामांना अजून दाखवलं नाही.

गावशीव
घ्या की. नाव घातलं तरी चालेल, आजोबांचं.

पंतोजी
मूळ शब्द ‘त्रिकांड’. मृगाच्या पोटात लागलेला बाण. छापताना तेवढं दुरुस्त करा.

गावशीव
नाही पंतोजी. आजोबा तिकांडंच म्हणायचे.

रानजाई
आमच्याकडेही तिकांडंच. आणि सप्तर्षींना बाज. म्हातारीची बाज तीन चोर पळवून नेताहेत, ती गोष्ट. मोगरी, इजिप्तमध्ये सप्तर्षींना काय म्हणायचे?

मोगरी
बैलाचा पुढचा पाय. त्याच झाकणांवर मधल्या पट्टीत काढलेला आहे, शेजारी मृग आणि व्याध.

गावशीव
बैलाचाच ना? मग आजोबांना सांगायला हवं होतं.