घरातील मत्स्यटाकीच्या मागच्या काचेसाठी पार्श्वभूमी कोणती निवडावी?

वाघूर (जळगाव) यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या बैठकीच्या खोलीसाठी तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी काचेची टाकी करून घेतली आहे. टाकी अजून कोरडी आहे. पाणी भरल्यानंतर ती भिंतीपासून हलवता येणार नाही, त्यामुळे मागच्या काचेला काय लावायचे याचा निर्णय आधीच व्हावा असे वाटते. टाकीत काही रुपेरी एंजल, विडो टेट्रांचा एक लहान थवा आणि तळाशी कोरी मासे ठेवण्याचा विचार आहे. थोड्या खऱ्या वनस्पतीही लावणार आहोत.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. दुकानदाराने प्रवाळ आणि निळा समुद्र छापलेले गुळगुळीत पोस्टर सुचवले आहे. मुलाला थर्माकोल कोरून, त्यावर सिमेंटचा थर देऊन, टाकीच्या आत बसवायची खडकाची भिंत हवी आहे. ती तो स्वतः करायला तयार आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की मागची भिंत फिकट पिवळी आहे, तीच दिसू द्यावी, वेगळे काही लावण्याची गरजच नाही. समोरच्या पश्चिमेच्या खिडकीतून दुपारनंतर थोडा वेळ ऊन आत येते आणि जळगावचा उन्हाळा कसा असतो हे आपण सर्व जाणताच. माशांच्या दृष्टीने आणि आपल्या हवामानाच्या दृष्टीने यांतील योग्य काय, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

तापीकाठ (भुसावळ) यांचे उत्तर

आपण टाकी भरण्यापूर्वी विचारले हे फार चांगले झाले. माझे मत स्पष्ट आहे: मागच्या काचेच्या बाहेरच्या बाजूने एकरंगी, गडद आणि चकाकी नसलेले आवरण लावावे. हे मत केवळ दिसण्यावर आधारलेले नाही, म्हणून त्यामागची कारणे थोडी विस्ताराने मांडतो.

पहिले कारण माशांच्या रंगाचे आहे. अनेक माशांच्या त्वचेतील रंगपेशी भोवतालच्या उजेडानुसार बदलतात. भोवताल फिकट असेल तर पेशींमधील काळ्या रंगद्रव्याचे कण मध्यभागी गोळा होतात आणि मासा फिका दिसतो. भोवताल गडद असेल तर तेच कण पेशीभर पसरतात आणि रंग भरून येतो. हे कण गोळा करणारे एक संप्रेरक जपानी संशोधकांनी १९८३ मध्ये सामन माशाच्या पियूषिका ग्रंथीतून वेगळे केले. त्यामुळे पांढऱ्या किंवा फिकट भिंतीसमोर ठेवलेले मासे काही दिवसांत निस्तेज वाटू लागले, तर ते आजारी आहेत असे मानून औषध घालण्याआधी मागची काच आणि तळाची वाळू पाहावी.

दुसरे कारण प्रतिबिंबाचे आहे आणि याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. काचेच्या मागे नुसती हवा असेल, तर पाण्यातून सुमारे ४९ अंशांहून अधिक तिरके येणारे किरण बाहेर न जाता काचेच्या मागच्या पृष्ठावरून पूर्णपणे परावर्तित होतात. म्हणजे मागची काच आतून मोठ्या प्रमाणात आरशासारखी वागते. एंजल हा सिक्लिड कुळातला मासा आहे आणि जोडी जमल्यावर तो आपली जागा राखतो. प्रतिबिंबाला दुसरा मासा समजून तो काचेवर चाल करत राहिला, तर तो थकतो आणि खाण्याकडेही दुर्लक्ष करतो. काचेला हवा न राहता घट्ट चिकटलेले गडद आवरण हे प्रतिबिंब बरेच कमी करते. पोस्टर नुसते चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून टांगले, तर मध्ये हवेचा थर राहतो आणि हा लाभ मिळत नाही.

घरातल्यांच्या सूचनेबद्दल आदराने एवढेच म्हणेन की मागची काच मोकळी ठेवल्यास भिंतीबरोबर एअर पंपाची नळी, वायर आणि फिल्टरचा पाइपही कायम डोळ्यांसमोर राहील. शिवाय आपल्याकडील बोअरच्या पाण्याचे शिंतोडे मागच्या काचेवर सुकले की क्षारांचे पांढरे ओघळ उरतात आणि टाकी भिंतीला लागून असल्यामुळे ते पुसायला हात जात नाही.

पांझरा (धुळे) यांचे उत्तर

मी टाक्या जोडण्याचे काम करतो, म्हणून आपल्या चिरंजीवांच्या थर्माकोलच्या भिंतीबद्दल लिहितो. ती नीट केली तर अतिशय सुंदर दिसते आणि स्वतःच्या हातांनी काही घडवण्याची त्यांची इच्छा मोडू नये, असे मलाही मनापासून वाटते. तरीही या विशिष्ट टाकीसाठी मी तिची शिफारस करणार नाही. कारण सरळ हिशेबाचे आहे.

आपली टाकी साधारण ९० × ३० × ४५ सेंटिमीटरची, म्हणजे काठोकाठ भरल्यास सुमारे १२१ लिटरची आहे. खडकाचे उंचसखल रूप दिसायचे असेल तर भिंत सरासरी दोन इंच, म्हणजे ५ सेंटिमीटर जाड तरी धरावी लागते. ९० × ४५ × ५ केल्यावर सुमारे २० लिटर पाण्याची जागा गेली, म्हणजे टाकीचा सहावा हिस्सा. पुढून मागे मोजल्यास ३० सेंटिमीटरपैकी २५ उरतात आणि पूर्ण वाढलेल्या एंजलला वळण्यासाठी ही रुंदी कमी पडू लागते. इतर गावी हे कदाचित चालून जाईल, परंतु आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४–४५ अंशांवर जातो आणि खोलीतील पाणीही त्या मागे तापत जाते. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांच्या पाण्यात तो सुमारे ७ मिलिग्रॅमच मावतो, आणि नेमक्या त्याच वेळी माशांची प्राणवायूची गरज वाढलेली असते. पाणी जितके जास्त तितके ते सावकाश तापते. म्हणून खान्देशात उन्हाळ्यासाठी प्रत्येक लिटर राखून ठेवावा, अशा मताचा मी आहे. त्यात वीज गेली आणि एअर पंप बंद पडला, तर हेच जास्तीचे पाणी माशांना काही तास सांभाळते.

कोणाची टाकी चार-पाच फुटांची आणि दीड-दोन फूट रुंद असेल तर गोष्ट वेगळी. अशांनी ही भिंत करताना दोन बाबी कटाक्षाने पाळाव्यात. पहिली बाब तरंगण्याची: थर्माकोल स्वतः जवळजवळ वजनरहित असल्यामुळे पाण्यात बुडालेला २० लिटर आकाराचा तुकडा जवळपास २० किलोच्या जोराने वर उसळतो. सिमेंटच्या थराचे वजन त्यातून वजा होते, पण ते पुरेल असे गृहीत धरू नये. भिंत कोरड्या काचेला सिलिकॉनने पूर्ण पाठीवर चिकटवावी, बुरशीनाशक मिसळलेले बाथरूमचे सिलिकॉन वापरू नये आणि पाणी भरण्यापूर्वी व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत थांबावे. कडेला फट राहिली तर मागे पाणी साचून कुजते आणि एखादा लहान मासा तेथे अडकतो. दुसरी बाब सिमेंटची: ताजे सिमेंट पाण्यात चुना सोडते व सामू (पीएच) वर नेते, म्हणून पाणी वारंवार बदलत भिंत दोन-तीन आठवडे भिजत ठेवावी आणि सामू स्थिर झाल्याची चाचणी केल्याशिवाय मासे सोडू नयेत. थर्माकोलवर थिनरचा रंग मारू नये; तो विरघळतो.

गिरणा (चाळीसगाव) यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, परंतु गडद म्हणजे काळाच, असा अर्थ कोणी घेऊ नये म्हणून लिहीत आहे. मूळ प्रश्नात विडो टेट्रांचा उल्लेख आहे. या माशाचा मागचा अर्धा भाग आणि पर काळे असतात. शुद्ध काळ्या काचेसमोर एंजल चांदीसारखे उठून दिसतील यात शंका नाही, मात्र टेट्रांचा अर्धा देह काळोखात मिसळून जाईल आणि त्यांच्या परांची जी शोभा आहे तीच नजरेआड होईल. काळ्या मॉली किंवा काळे एंजल पाळणाऱ्यांनाही हे लागू आहे. अशा मिश्र टाकीसाठी मी करडा-निळा किंवा शेवाळी तपकिरी असा मध्यम गडद, मंद रंग सुचवेन. त्यावर चांदी आणि काळा हे दोन्ही रंग दिसतात, वनस्पतींची हिरवाई उठते आणि माशांनाही आडोसा वाटतो. रंग निश्चित करण्यापूर्वी त्या त्या रंगाचा साधा पुठ्ठा काचेमागे धरून, टाकीचा दिवा लावून, बसण्याच्या जागेवरून पाहावे. दुकानातील उजेडात पाहिलेला रंग घरी वेगळाच भासतो.

आता समुद्राच्या पोस्टरबद्दल. एंजल हा अ‍ॅमेझॉन खोऱ्यातील संथ, झाडोऱ्याच्या पाण्यात राहणारा गोड्या पाण्यातील मासा आहे. विडो टेट्रा आणि कोरी हेही दक्षिण अमेरिकेतील नद्यांचेच. त्यांच्या मागे प्रवाळ आणि समुद्री मासे छापलेले चित्र लावणे मला मुळीच पटत नाही. ज्या घरात लहान मुले टाकीसमोर बसून प्रश्न विचारणार आहेत, तेथे तरी मासा कोणत्या पाण्यातला आहे हे टाकीकडे पाहून खरे कळावे. छापील चित्रात खोली कागदावर असते, आतील वनस्पती आणि चित्रातील वनस्पती यांचा आकार जुळत नाही, आणि उन्हाने एकदा रंग उडाला की टाकी जुनाट दिसू लागते. एकरंगी पार्श्वभूमीसमोर मात्र उंच वनस्पती मागे आणि बुटक्या पुढे लावल्या, तर एक फूट रुंदीतही खोली निर्माण होते.

वाघूर (जळगाव)

तिन्ही उत्तरे अत्यंत उपयोगी पडली. आतली भिंत या टाकीसाठी नको, हे पाण्याचा हिशेब दाखवल्यावर मुलानेही मान्य केले आणि रंग करडा-निळा ठरला आहे. त्याची हौस पुरवण्यासाठी आता आत एका कोपऱ्यात खऱ्या दगडांची रचना करावी असा विचार आहे. घरी कडाप्पाच्या काही पट्ट्या उरल्या आहेत, आणि सातपुड्याच्या पायथ्याचा काळा दगड सहज मिळतो. हे चालेल का? पश्चिमेच्या उन्हाचे काय करावे? आणि आवरण चिकटवण्याची रीत कृपया सांगावी.

तापीकाठ (भुसावळ)

काळा दगड चालेल, कडाप्पा नको. कडाप्पा आणि शहाबादी हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, ते सावकाश विरघळून पाण्याचा कठीणपणा वाढवतात आणि बोअरचे पाणी आधीच कठीण असताना त्यात आणखी भर घालणे मऊ पाण्यातल्या माशांना योग्य नाही. आपला काळा दगड म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याचा बेसाल्ट. तो पाण्यात फारसे काही सोडत नाही. तथापि एक गोष्ट तपासून घ्यावी. जळगाव आणि सावदा परिसरातील खाणींमधील बेसाल्टच्या पोकळ्यांत पांढरे, चमकदार स्फटिक सापडतात आणि त्यांसाठी आपला जिल्हा जगभरच्या खनिजसंग्राहकांना परिचित आहे. त्यांतील झिओलाइट जातीचे स्फटिक सहसा त्रास देत नाहीत, पण त्यांच्या बरोबरीने कॅल्साइटही असतो आणि तो चुन्याचाच प्रकार आहे. पांढऱ्या भागावर जरा खरवडून व्हिनेगरचे थेंब टाकावेत. बुडबुडे आले तर तो दगड बाजूला ठेवावा. अगदी मंद बुडबुडे नजरेतून सुटतात, म्हणून स्फटिक नसलेला सलग काळा दगडच निवडणे उत्तम. दगड मागच्या काचेला टेकवून रचू नयेत. मध्ये बोटभर जागा सोडावी, म्हणजे पाणी फिरत राहते.

उन्हासाठी पार्श्वभूमीवर अवलंबून राहू नये. खिडकी समोर असल्यामुळे ऊन पुढच्या काचेतून पाणी ओलांडून थेट गडद आवरणावर पडेल, ते आवरण तापेल आणि पुढच्या काचेवर हिरवे शेवाळही धरेल. जाड पडदा लावावा, किंवा शक्य असल्यास टाकी खोलीतील दुसऱ्या भिंतीला लावावी; कोरडी आहे तोवर हे सोपे आहे.

पांझरा (धुळे)

चिकटवण्याबद्दल लिहितो. गाड्यांचे रेडियम आणि स्टिकर कापून देणाऱ्या दुकानात चकाकी नसलेले एकरंगी व्हिनाइल मीटरवर मिळते. काचेपेक्षा चारी बाजूंनी अर्धा इंच मोठा तुकडा घ्यावा. काच बाहेरून आधी व्हिनेगरने, मग स्वच्छ पाण्याने पुसावी, क्षाराचा कणही राहू देऊ नये. त्यानंतर तिच्यावर साबणाच्या पातळ पाण्याचा फवारा मारून व्हिनाइल वरून खाली सोडत न्यावे आणि रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी व हवा काढावी. साबणाच्या पाण्यामुळे तुकडा सरकवून सरळ करता येतो. हे पाणी टाकीच्या आत जाऊ देऊ नये, म्हणून वरच्या काठावर जुने कापड अंथरावे. एक रात्र सुकल्यावर जास्तीचा भाग ब्लेडने कापून वरच्या कडेला रुंद चिकटपट्टी लावावी, कारण पुढे झाकणावरून ओघळणारे पाणी तेथूनच आत शिरते आणि डाग पाडते.

व्हिनाइल मिळाले नाही तर पाण्याने पातळ होणारा अ‍ॅक्रिलिक रंग छोट्या रोलरने बाहेरून दोन-तीन हातांनी लावला तरी चालतो. पहिला हात ठिगळासारखा दिसेल. तो पूर्ण सुकू द्यावा आणि दुसरा हात आडवा मारावा. पुढे रंग बदलावासा वाटला तर ओला करून पात्याने खरवडता येतो. मात्र ते काम टाकी भिंतीपासून सुटी असतानाच होते, म्हणून पुठ्ठ्याची चाचणी गिरणा यांनी सांगितल्याप्रमाणे दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा करून घ्यावी.