साठीपुढच्यांना मोबाइल शिकवताना सुरुवात कुठून करावी?

प्रश्न (वाचनालय कार्यकर्ता, वाई)

आमच्या वाचनालयात दर शनिवारी ज्येष्ठांसाठी मोबाइलचा वर्ग सुरू होऊन दीड महिना झाला. २०१७ मध्ये आलेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात २० तासांचा अभ्यासक्रम होता, पण वयोमर्यादा १४ ते ६० अशी असल्यामुळे ज्यांना शिकण्याची खरी निकड होती तेच बाहेर राहिले. आज तीच मंडळी आमच्याकडे येतात, सांगितलेले वहीत नीट उतरवून घेतात, आणि निघताना फोन माझ्यापुढे धरून म्हणतात, "एवढं तूच करून दे रे बाळा." समजते सगळे, पण हात धजावत नाही. यावर काय करावे?

उत्तर (निवृत्त शिक्षिका)

फोन आपण हातात घेऊच नये, कितीही वेळ लागला तरी. माझ्या शेजारच्या आजींना मी शिकवायला बसले, तेव्हा त्या बोट पडद्यावर दाबून धरत. त्यामुळे चिन्ह उघडण्याऐवजी जागचे हलायचे आणि "बघ, बिघडवला मी" म्हणून त्या फोन खाली ठेवायच्या. चूक समजुतीची नव्हती, बोटाची होती. कपाळाला कुंकू टेकवतो तसे हलकेच टेकवा, असे सांगितल्यावर दोन दिवसांत जमले. अक्षरे मोठी करणे आणि फोनची भाषा मराठी करणे, ही दोन कामे मात्र पहिल्याच दिवशी त्यांच्याच हातून करून घ्यावीत.

उत्तर (बँकेतून निवृत्त)

त्यांची भीती अनाठायी नाही, म्हणून "घाबरू नका" एवढे सांगून भागत नाही. धोका नेमका कुठे आहे ते दाखवावे लागते. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही, आणि क्यूआर कोड स्कॅन केल्याने खात्यात पैसे येत नाहीत, हे आधी पक्के करून घ्या. मग शेजारी बसलेल्याला एक रुपया पाठवायला लावा आणि पिन टाकण्याआधी मुद्दाम मागे फिरायला सांगा. तिथपर्यंत जाऊन परत येता येते, हे एकदा स्वतः अनुभवले की हाताचा थरकाप कमी होतो. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० वर फोन करायचा, हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत असावा.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. निवृत्तिवेतनधारकांचे हयातीचे दाखले नोव्हेंबरमध्ये द्यायचे असतात आणि जीवन प्रमाण या सरकारी ऑनलाइन दाखल्याची सोय फोनला चेहरा दाखवूनही होते, तेव्हा यंदा तो दाखला ज्याचा त्याने स्वतः काढायचा असे ठरवतो. मी शेजारी बसेन, फोनला हात लावणार नाही.