पार्किंगमध्ये फटाके बंद केले तर चुकलं काय?

सिंहगडरोडवाला:
आमच्या सोसायटीत ठरलंय, यंदा पार्किंग आणि गच्चीवर फटाके नाहीत, फक्त मागच्या मोकळ्या प्लॉटवर, तेही रात्री 8 ते 10. ग्रुपवर नुसती भांडणं चाललीयेत. माझ्या मते बरोबर केलं. खाली ओळीने सीएनजीच्या गाड्या, बाइकवर प्लास्टिकची कव्हरं, आणि पोरं तिथेच भुईचक्र लावतात, ते फिरत फिरत गाडीखाली घुसतं मग हे वाकून बघतात विझलं का!

पेठेतला_काका:
8 ते 10 कोणी ठरवलं? नरकचतुर्दशीला पहाटे 4 ला आंघोळ झाली की वाड्यात पहिली माळ आमची लागायची. गणपतीत डीजेने खिडक्या हादरतात तेव्हा कुठे असतात हे नियमवाले?

सिंहगडरोडवाला:
काका, डीजेचं पटलं, त्यालाही आवरा. पण 8 ते 10 चेअरमनच्या मनातलं नाही, सुप्रीम कोर्टाचा 2018 चा आदेश आहे, त्यात माळेवरही बंदी आहे. आणि पहाटे 4 चं म्हणाल तर रात्री 10 ते सकाळी 6 आवाजी फटाके 2005 पासूनच बंद.

कोथरूडची_पोरगी:
आम्ही ग्रीन फटाकेच आणतो बाबा, मग कशाला एवढं

हडपसरची_ताई:
अगं ग्रीन म्हणजे धूर कमी, नागपूरच्या नीरी या सरकारी संशोधन संस्थेने काढलेत, साधारण 30 टक्के कमी. भाजायचं ते भाजतंच. आणि सगळे सुतळी बॉम्बच्या मागे लागलेत, मला विचाराल तर फुलबाजीची जास्त भीती वाटते. नायलॉनचा परकर घातलेल्या तीन वर्षांच्या पोरीच्या हातात देतात आणि स्वतः मोबाईलवर शूटिंग! विझलेली तार तशीच फेकतात, ती कितीतरी वेळ तापलेली असते, मागून कोणीतरी अनवाणी येतं. पाण्याची बादली शेजारी ठेवा, तार त्यात टाका, संपलं. भाजलंच तर 20 मिनिटं नळाखाली धरा, टूथपेस्ट बर्फ काही नको.

पेठेतला_काका:
बादलीचं मान्य. पण मुलांनी करायचं काय मग? आम्ही तर फुसके फटाके सोलून दारू पेपरवर काढून पेटवायचो, काही झालं नाही.

हडपसरची_ताई:
तुम्हाला झालं नाही हो काका, ज्यांच्या भुवया गेल्या ते इथे लिहायला येत नाहीत. फुसक्याजवळ लगेच जायचंच नाही, थोडा वेळ थांबून लांबून पाणी ओतायचं.

कोथरूडची_पोरगी:
आमच्या शेजारी हॉस्पिटल आहे, तिथून 100 मीटरच्या आत तसंही वाजवता येत नाही. म्हणजे प्लॉटवरही नाहीच ना?

सिंहगडरोडवाला:
आवाजाचे नाहीच. अनार लाव.

पेठेतला_काका:
लावा अनार. मी पाडव्याला 8 वाजून 1 मिनिटाने प्लॉटवर येतोय तुमच्याकडे, बादली तुमची.