मदत हवी आहे: वय ३१, बी.कॉम., कुडाळ. पायलट व्हायचं आहे, कोणत्या क्रमाने जाऊ?

नमस्कार मंडळी,

मी कुडाळला एका पतसंस्थेत कर्ज विभागात काम करते. कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल, करायचं नक्की केलं आहे. शाळेत असल्यापासून दुसरं काही व्हावंसं वाटलंच नाही. अकरावीला सायन्स घेता आलं नाही, कारण त्याच वर्षी बाबा गेले आणि घरात लवकर पगार सुरू होणं गरजेचं होतं. आता दादाचा जम बसला आहे, आईची तब्येत बरी आहे. अजून थांबले तर राहूनच जाईल. तेव्हा "या वयात कशाला" एवढं सोडून बाकी सगळं मोकळेपणाने सांगा. ते घरी ऐकतेच आहे: "तुझा वय काय झाला, आता खय विमान शिकाक जातलंस?" आई काळजीने विचारते. तिला कॅप्टन सौदामिनी देशमुखांबद्दल सांगितलं, की १९८५ साली सगळा चमू महिलांचा असलेलं फोकर एफ-२७ त्यांनी कलकत्त्याहून सिलचरला नेलं. ती ऐकून गप्प बसली, आणि मग विचारलं, "पैसे खयसून आणतलंस?" प्रश्न रास्त आहे.

आतापर्यंत जे कळलं ते लिहिते. चुकलं असेल तर दुरुस्त करा.

सीपीएलला किमान वय १८ आणि बारावीला फिजिक्स-मॅथ्स लागतं. कॉमर्सवाल्यांना हे दोन विषय एनआयओएस या मुक्त विद्यालयातून देता येतात. मी प्रवेश घेतला आहे. मॅथ्सची धास्ती नाही, फिजिक्सला वेळ लागतोय. डीजीसीएचे, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचे, पेपर नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी (हवामानशास्त्र), रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक. पास व्हायला ७० टक्के. विमानातून रेडिओवर बोलण्याचा परवाना, आरटीआर, तो वेगळा. उड्डाण एकूण २०० तास, त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असलेला पायलट म्हणून. क्रॉस-कंट्रीचे, म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्याच्या उड्डाणाचे २० तास, त्यात एक फेरी किमान ३०० सागरी मैलांची.

मेटिऑरॉलॉजीचं पुस्तक हातात घेतलं की मला घड्याळाचं भान राहत नाही. वेंगुर्ल्याकडची जुनी माणसं सांगतात की शिडाच्या होड्या पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडायच्या आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर परत यायच्या. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरचा दाब उतरतो आणि वारा उलटतो. किनाऱ्यावरच्या विमानतळावर सकाळी ज्या बाजूने उतरतात ती दुपारी बदलू शकते, तीही याच वाऱ्यामुळे. हे वाचलं त्या दिवसापासून मी वाऱ्याच्या दिशेची वही ठेवते. परीक्षेत तिचा काही उपयोग नाही, पण बंद करवत नाही.

आता अडचणी.

पहिली, मेडिकल. मला उणे दीडचा चष्मा आहे. पुण्यातल्या एका एजंटने सांगितलं की आधी दोन लाख भरून सीट अडवा, मेडिकल मागाहून होतं. मी भरले नाहीत. पण हा क्रम बरोबर की उलटा?

दुसरी, विमान शिकवणारी शाळा. आमच्याकडे जून ते सप्टेंबर काय परिस्थिती असते ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. बारामतीची शाळा सह्याद्रीच्या पलीकडे, पर्जन्यछायेत आहे. गोंदियाला एनएफटीआय ही शाळा, शिरपूरलाही अकादमी आहे. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला इग्रुआ ही सरकारी अकादमी, पण तिथे हिवाळ्यात धुकं. शाळा निवडताना नेमकं काय विचारायचं?

तिसरी, आणि माझी झोप उडवणारी, म्हणजे कर्ज. चौकशी केली तिथे ४५ ते ६० लाखांचे आकडे सांगितले, टाइप रेटिंग, म्हणजे एका ठरावीक विमानाचं प्रशिक्षण, वेगळं. रोज लोकांचे हप्ते काढते, तसा स्वतःचाही काढून पाहिला. ५० लाख, ११ टक्के, १० वर्षं धरली तर महिना जवळपास ६९ हजार. शिकतानाच्या दोन वर्षांचं व्याज, सुमारे ११ लाख, याच्या बाहेर. तारण काय द्यायचं? दादा म्हणतो, हापूसची बाग तारण लाव. पण सातबारा सामाईक आहे, त्यावर चुलत्यांची, आत्यांची, मुंबईला गेलेल्यांची नावं. शिवाय शेतजमीन सरफेसी कायद्याच्या, म्हणजे थकलेल्या कर्जासाठी तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याच्या बाहेर राहते, म्हणून मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँका ती तारण घ्यायला नाखूश असतात, हे मी टेबलाच्या या बाजूने रोज बघते. आणि खरं सांगायचं तर घेतली तरी मला लावायची नाही. त्या बागेवर दादाची दोन मुलं शिकणार आहेत.

कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

ताई, मी मूळचा चिपळूणचा, सध्या एअरबस ३२० वर फर्स्ट ऑफिसर. त्या एजंटचा फोन पुन्हा उचलू नका.

मेडिकल सगळ्यात आधी. डीजीसीएच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडे क्लास २, म्हणजे सुरुवातीची मेडिकल, करा, आणि मोठी रक्कम भरण्याआधी क्लास १, म्हणजे व्यावसायिक पायलटची मेडिकल, हातात असू द्या. नोकरी क्लास १ वरच मिळते. चष्म्याने अडत नाही, नजर चष्म्याने पूर्ण सुधारली पाहिजे आणि उडताना दुसरा चष्मा जवळ ठेवावा लागतो. अडतं ते रंग ओळखण्यात. इशिहाराची ठिपक्यांची चाचणी कुडाळ-सावंतवाडीत डोळ्यांच्या डॉक्टरकडे याच आठवड्यात करून घ्या, खर्च किरकोळ आहे. लेझर ऑपरेशनचा विचार असेल तर मेडिकल एक्झामिनरला विचारल्याशिवाय करू नका.

मग नोकरी न सोडता एनआयओएस, आणि डीजीसीएचे पेपर. नेव्हिगेशन आणि मेट आधी काढा, बरेच जण तिथेच अडकतात. पेपर झाल्यावर शाळेत गेलात तर तिथे फक्त उडायचं राहतं.

शाळेत ब्रोशर बघू नका. आज उडण्यायोग्य विमानं किती, इन्स्ट्रक्टर किती, रांगेत विद्यार्थी किती, आणि गेल्या बॅचला २०० तास पूर्ण व्हायला किती महिने लागले, हे विचारा. उत्तर ऑफिसातून नको, हँगरबाहेर बसलेल्या मुलांकडून घ्या. माझ्या वेळेला पावसापेक्षा जास्त दिवस विमान दुरुस्तीला गेल्यामुळे वाया गेले. तासांप्रमाणे टप्प्याटप्प्याने फी घेणारी शाळा बघा, आणि मध्येच सोडल्यास काय परत मिळतं ते लेखी घ्या.

एक कटू गोष्ट. लायसन्स मिळालं की लगेच नोकरी, असं नसतं. माझे काही सोबती वर्षभर आणि जास्तही थांबले. हप्त्याचं गणित ते वर्ष धरून करा.

प्रतिसाद

महसूल खात्यातून निवृत्त झालोय, म्हणून फक्त सातबाऱ्याबद्दल. सगळे सहहिस्सेदार तयार असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. चाकरमानी गणपतीला घरी येतील तेव्हाच सह्यांचं बोलून घ्या, एरवी सगळे एका जागी सापडत नाहीत. बाग तारण लावायची नाही हे तुमचं म्हणणं पटलं. पण वाटप झालं तर तुमचा स्वतःचा हिस्सा तरी वेगळा दिसेल, पुढे काय करायचं ते तुमच्या हातात राहील. तुमच्या प्रवर्गाला लागू असेल तर महाज्योती या इतर मागासवर्गीयांसाठीच्या राज्य सरकारी संस्थेकडेही चौकशी करा. त्यांनी नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये सीपीएल प्रशिक्षणाची योजना काढली होती.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सर, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. थांबण्याच्या वर्षाचं वाचताना मी जरा अडखळले, पण गाळलं नाही.

आता असं ठरवतेय: इशिहारा या शनिवारी, मग क्लास २ आणि क्लास १. त्यात नापास झाले तर तिथेच थांबणार, आणि तोवर गेलेला पैसा माझ्या पगारातला असेल. पास झाले तर नोकरीत राहून बारावीचे विषय आणि डीजीसीएचे पेपर. कर्जाचा अर्ज त्यानंतर. थांबण्याचं वर्ष धरून हप्ता बसत नसेल तर आधी आणखी बचत. माझी एफडी आणि थोडं सोनं धरून पहिल्या टप्प्याची फी निघेल असं दिसतंय. महाज्योतीची चौकशी सोमवारी करते. वाटपाचं दादाशी बोलले, तो गणपतीत काकांसमोर विषय काढतो म्हणाला.

दोन गोष्टी अजून हव्या आहेत. मुंबई किंवा गोव्याकडे क्लास २ कुठे करावं, स्वतः करून आलेल्यांनी सांगावं. आणि बारामती, शिरपूर किंवा गोंदियाला सध्या शिकत असलेलं कुणी इथे आहे का? एकदा येऊन हँगरबाहेरच्या मुलांशी बोलायचं आहे. रविवारी सुट्टी असते, एसटीने येईन.