कोल्हापूरला दोन दिवस निवांत जायचं तर पन्हाळा-जोतिबा गाळावं का?

मीठभाकर (धागाकर्ती)
दिवाळीनंतरच्या एका शनिवार-रविवारी आम्ही दोघं आणि सासू-सासरे पुण्याहून कोल्हापूरला निघतोय. घरच्या ग्रुपवर यादी फिरतेय ती अशी: अंबाबाई, न्यू पॅलेस, रंकाळा, जोतिबा, पन्हाळा, नरसोबाची वाडी "आणि वेळ उरला तर कणेरी मठ". वेळ उरला तर! सासरे सत्तरीचे आहेत आणि नवऱ्याची सुट्टी महिनाभरानंतरची पहिली आहे.

माझं मत सरळ आहे. शहराबाहेर पाऊल टाकायचं नाही. जुनं कोल्हापूर पायी फिरण्याएवढंच आहे. महाद्वारातून बाहेर पडलं की गुजरी, पापाची तिकटी, चप्पल लाईन, भवानी मंडप, जुना राजवाडा आणि पलीकडे खासबाग हे सगळं रमतगमत होतं. दमलं की खोलीवर येऊन आडवं व्हायचं, उन्हं कलली की पंचगंगेच्या घाटावर किंवा रंकाळ्यावर. गाडीत बसून सहा ठिकाणी उतरायचं, फोटो काढायचे आणि परत बसायचं, हे पुण्यातल्या सिग्नलला रोज करतेच आहे.

घरात मी एकटी पडलेय. इथे काय म्हणणं आहे?

गडकोटवेडा
पन्हाळा गाळणार? मग कोल्हापूरला जाता कशाला, रंकाळ्यासारखं तळं कात्रजलाही आहे.

चेष्टा सोडा. पन्हाळा शहरापासून वीसेक किलोमीटर, गाडी थेट गडावर जाते. म्हणजे सत्तरीच्या माणसाला महाद्वार रोडच्या गर्दीपेक्षा पन्हाळाच सोपा. तीन दरवाजा बघा, अंबरखान्यातल्या गंगा कोठीत जरा उभे राहा, सज्जा कोठीच्या गच्चीतून खालचं खोरं बघा. सिद्दी जौहरचा वेढा कुठवर पसरला असेल आणि १६६० च्या जुलैत त्या पावसात महाराज विशाळगडाकडे कसे निसटले असतील, ते पुस्तकात वाचून नाही कळत. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आपले जे बारा किल्ले गेले त्यात हा आहे. तुम्ही त्याच्या पायथ्याशी दोन दिवस राहून चपला घेऊन येणार.

मीठभाकर
चपला घेऊन येणार, हो. त्यात कमीपणा कसला?
गाडी वर जाते हे मान्य. पण रविवारी तीच गाडी वर नेणारे तुम्ही एकटे नसता. आणि "पन्हाळा करू" म्हणणारा माणूस "वाटेत जोतिबा" म्हणतोच. मग गुलालाने माखलेले कपडे, उशिरा जेवण, दुपारची झोप बुडाली. मला यादीतली पहिली वीट काढायचीय, कारण ती ठेवली की बाकीच्या आपोआप बसतात.

पेठेतला
ताई, मी इथलाच. तुमचं पाऊण बरोबर हाय, पाव चुकतंय.

शनिवार-रविवारी देवळाजवळ खोली घेऊन निवांतपणा? नाद करताय काय! गाडी लावायलाच अर्धा तास. र‍ाहायचं ताराबाई पार्क नायतर नागाळा पार्कात, गाडी तिथंच सोडायची, रिक्षानं यायचं. देवीचं दर्शन पहाटे काकडआरतीला. तेवढं उठला तर रांग नसल्यातच जमा, दगडी फरशी गार असते, देऊळ नीट बघता येतं. दहानंतर गेला तर पुढच्याची पाठच बघायची.

तारीख पण बघा. ९ ते ११ नोव्हेंबर किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी देवीच्या पायाशी, मग वर वर. बघण्यासारखं हायच, पण त्या दिवसांत गर्दी असणार हे धरूनच या.

गडकोटवेडा
म्हणजे इथला माणूसच सांगतोय की शहरात निवांत मिळत नाही. माझा मुद्दा सिद्ध.

पेठेतला
असं नाय म्हटलं भावा. वेळ साधली की मिळतं, एवढंच. रविवारी अकरा वाजता पन्हाळ्यावर पार्किंग शोधून दाखवा, मग बोलू.

उकडीचे_मोदक
एक व्यावहारिक शंका. सासू-सासरे शाकाहारी असतील तर कोल्हापुरात दोन दिवस खाणार काय? माझ्या घरी याच कारणावरून बेत रद्द झाला होता. तांबडा-पांढरा सोडला तर शहरात राहण्यात काय राहिलं? त्यापेक्षा वाडीला जावं. दत्ताचं दर्शन, कृष्णा-पंचगंगेचा संगम, बासुंदी आणि कवठाची बर्फी. ज्येष्ठांची सहल तीच.

मीठभाकर
सासरे माळकरी आहेत. पण खाण्यावाचून अडेल हे पटत नाही.

पेठेतला
अडत नाय. पुण्याच्या हॉटेलात व्हेज कोल्हापुरी म्हणून जो लाल रंग वाढतात तो विसरा, इथं घरात ते कोण करत नाय. सकाळी मिसळ. कट वेगळा मागून घ्या, म्हणजे ज्याला जेवढं झेपेल तेवढं. दुपारी साधं ताट घ्या, भाकरी, पिठलं, ठेचा. संध्याकाळी भेळ.

आणि रात्री गंगावेशीत दूध कट्टा. सासऱ्यांना हे दाखवाच. म्हैस तिथंच रस्त्याकडंला उभी असते. गवळी तुमच्यासमोर पेल्यात धार काढतो, पेला हातात येतो तेव्हा कोमट असतो आणि वर बोटभर फेस. तालमीतली पोरं एका दमात संपवतात. आपण ओठाला लागलेला फेस पुसत बसतो. माळकऱ्याला याहून चांगलं काय पाहिजे?

उकडीचे_मोदक
न तापवलेलं दूध, तेही सत्तरीच्या माणसाला? पुढचा दिवस खोलीतच जाईल. मग खरोखरच निवांत!

पेठेतला
त्यांनी नुसतं बघावं. प्यायला मसाला दूध पण मिळतंय.

दसरा_चौक
वाद रंगलाय, पण दोन्ही बाजूंच्या यादीत शाहू महाराज कुठेच नाहीत याचं नवल वाटतं. गडकोटवेड्यांना सतराव्या शतकाच्या अलीकडचा इतिहास दिसत नाही आणि धागाकर्तीच्या पायवाटेत बाजार जास्त आहे.

हे शहर आजच्यासारखं घडलं ते शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी. २६ जुलै १९०२ ला याच संस्थानात मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. दसरा चौकाच्या आसपास बघा, मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी आहेत. खेड्यातली पोरं शिकायला आली तर राहणार कुठे, या प्रश्नाचं ते दगडविटांतलं उत्तर होतं. तिकीट नाही, गाईड नाही, म्हणून कुणी बघत नाही.

खासबाग मैदानही त्यांचंच, १९१२ चं. आखाडा खोलात आणि भोवती चढती बैठक, म्हणजे शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसते. त्याला खेटूनच १९१५ चं पॅलेस थिएटर, आताचं केशवराव भोसले नाट्यगृह. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते आगीत गेलं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच रात्री. कुस्ती आणि नाटक एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून वसवणारा राजा होता, हे तिथे उभं राहिलं की कळतं.

आणि टाऊन हॉलचं म्युझियम. ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडनची ब्राँझची मूर्ती तिथे आहे. वीतभरही उंच नाही. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी येऊन पोचला, म्हणजे सातवाहनांच्या काळात इथला व्यापार कुठवर जात असेल! लोक त्याच्या समोरून ढालतलवारी शोधत पुढे जातात.

मीठभाकर
हे आवडलं. बोर्डिंगांचं डोक्यातच नव्हतं. बाजार जास्त आहे हा आरोप मान्य, पण चप्पल लाईन काढणार नाही.

खिद्रापूरकर_नसलेला
बाहेरची एकच जागा ठेवायची असेल तर ती पन्हाळा नाही, खिद्रापूर. कोपेश्वराचं देऊळ. स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे, भोवती ४८ खांब, खाली गोल शिळा. तिथे बसलं की वर फक्त आभाळ. गर्दी जवळपास नाहीच.

गडकोटवेडा
साठेक किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. पन्हाळ्याचे वीस जड जातात त्यांना हे सुचवताय?

खिद्रापूरकर_नसलेला
मी अंतर मोजत नाही, तिथे गेल्यावर काय मिळतं ते मोजतो. आणि वाडी वाटेवरच आहे, मोदकांची बासुंदीही झाली.

मीठभाकर
बघितलंत? एक वीट ठेवली की दुसरी कशी बसते!

सोमवारचा_प्रवासी
शनिवार-रविवार सोडा, सोम-मंगळ जा. प्रश्नच मिटला.

दसरा_चौक
सोमवारी टाऊन हॉलचं म्युझियम बंद असतं. मंगळवार देवीचा वार, त्यामुळे तेव्हाही गर्दी.

मीठभाकर
घरी मांडवली झाली ती अशी. शनिवारी दुपारपर्यंत पोचून काहीही न करणे. संध्याकाळी घाट, रात्री दूध कट्टा (फक्त बघायला, मोदकांच्या धाकाने). रविवारी काकडआरती, मिसळ, मग नवरा एकटा पन्हाळ्याला जाऊन येईल. आम्ही तिघं भवानी मंडप, दसरा चौक, टाऊन हॉल असं जमेल तेवढंच करू. जोतिबा, वाडी, कणेरी यादीतून बाद. सासूबाई जोतिबासाठी अजून नाराज आहेत.

गडकोटवेडा
सासऱ्यांना विचारलंत का? सत्तरीचा माणूस गडावर जायला नको म्हणतो हे मी अजून पाहिलं नाही. गाडीत जागा आहे, बसवा पुढे.

उकडीचे_मोदक
आणि सासूबाईंचा जोतिबा? ज्यांच्या नावाने सगळा निवांतपणा मांडलाय, त्यांची इच्छाच बाद. नवरा पन्हाळ्याला चाललाच आहे तर त्यांनाही वाटेत सोडू दे.

पेठेतला
ते जाऊ द्या, परत कधी निघणार ते कुणीच विचारलं नाय. हायवेला सहापदरीकरणाची कामं सुरू हायत, त्यात रविवारी संध्याकाळी सगळं पुणं एकदमच घराकडं निघतं. खंबाटकीला अडकला तर दोन दिवसांचं सगळं वसूल होईल.

मीठभाकर
सोमवारची रजा टाकलीय. नाश्ता करून सावकाश निघणार.

खिद्रापूरकर_नसलेला
मग रविवारची दुपार मोकळी आहे की!