पणजोबांचे मेडल, आजोबांचे स्टार: पलटण कशी ओळखायची आणि रेकॉर्ड कुठे मागायचे?

खानापूर_जांबोटी

नमस्कार मंडळी. घरात दोन पिढ्यांची मेडल आहेत.

पणजोबांचे एकच आहे. चांदीचे, गोल, एका बाजूला राजाचे डोके, दुसऱ्या बाजूला घोड्यावर उघडा माणूस आणि १९१४–१९१८. कडेवर इंग्रजीत नंबर, 'सिपॉय', नाव (अर्धे पुसट) आणि '११७ महराठाज' असे वाचता येते.

आजोबांची चार आहेत. तीन पिवळे सहा टोकांचे स्टार, त्यांवर '१९३९–४५', 'आफ्रिका' आणि 'इटली' असे लिहिलेले. चौथे गोल, त्यावर सिंह. फिती तीनच उरल्यात आणि कोणती कुठली कळत नाही. एका फाटक्या कागदावर '३/५ एम.एल.आय.' आहे. घरात सगळे सांगतात की आजोबा बर्मात लढले आणि पणजोबा मेसोपोटेमियातल्या (आजचा इराक) कुतच्या वेढ्यात होते.

गावात चावडीजवळ जुनी दगडी पाटी आहे. महायुद्धाला किती माणसे गेली आणि किती परत आली नाहीत, एवढाच आकडा. नावे नाहीत. ती नावे मिळवून नवी पाटी लावायचा गावाचा विचार आहे. सुरुवात कुठून करावी?

निवृत्त_मराठा

आधी '३/५' नीट वाचा, कारण इथेच बहुतेकांची गाडी चुकते. हा अपूर्णांक नाही आणि पाचवी पलटणही नाही. १९२२ ला हिंदी लष्कराची फेररचना झाली तेव्हा सगळ्या मराठा पलटणी एका रेजिमेंटखाली आल्या आणि त्या रेजिमेंटचा क्रमांक ५ ठरला. म्हणून ३/५ म्हणजे पाचव्या महराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस रेजिमेंटच्या नावातला ५ गळला. त्यानंतरच्या कागदावर नुसते '५' आले तर ती पाचवी पलटण, त्याआधीच्या कागदावर आले तर रेजिमेंट. कागदावरची तारीख पाहिल्याशिवाय अर्थ लावू नका.

आता मेडल. स्टारवर मोहिमेचे नाव ओतलेलेच असते, त्यामुळे अंदाजाला जागा नाही. बर्मात लढलेल्याला बर्मा स्टार मिळतो. तुमच्याकडे तो नाही, उलट आफ्रिका आणि इटली दोन्ही आहेत. ही जोडी ३/५ शी तंतोतंत जुळते. ही पलटण १९४१ ला इरिट्रियात केरेनला होती, मार्चमधल्या हल्ल्यात 'फ्लॅट टॉप' नावाची टेकडी तिने घेतली. पुढे १० व्या हिंदी डिव्हिजनबरोबर इटली. नाईक यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याच पलटणीत, १० जुलै १९४४, वरच्या टायबर खोऱ्यात. सेक्शनमधली बाकीची माणसे मशीनगनच्या माऱ्यात पडल्यावर ते एकटे त्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच कामी आले.

तेव्हा आजोबा बर्मात नव्हते असे घरच्यांना सांगायला हरकत नाही. बर्मात वेगळ्या मराठा पलटणी होत्या. मार्च १९४४ ला बर्मा आघाडीवर, मणिपुरातल्या सांगशाकला पॅराशूट ब्रिगेडबरोबर जपान्यांना अडवले ती ४/५. गावात कुणी तिच्यात असेल आणि दोन घरांच्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या असतील, असे फार ठिकाणी झालेले आहे.

पण आफ्रिका स्टार आहे म्हणून लगेच 'आजोबा केरेनला लढले' असे पाटीवर कोरू नका. हा स्टार १० जून १९४० ते १२ मे १९४३ या काळातल्या उत्तर आफ्रिकेतल्या नोकरीलाही मिळतो. भरती १९४२ ची असेल तर केरेन शक्यच नाही. कागदावर 'एनरोल्ड' पुढची तारीख शोधा. फितीवर '८वी आर्मी' लिहिलेली आडवी पट्टी असेल तर तो माणूस २३ ऑक्टोबर १९४२ नंतर आठव्या आर्मीत होता.

फितींची ओळख: इटलीची लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल. १९३९–४५ ची गडद निळा, लाल, फिका निळा असे तीन सारखे पट्टे. आफ्रिकेची वाळूच्या रंगाची, मधोमध रुंद लाल पट्टा, एका बाजूला गडद निळी आणि दुसऱ्या बाजूला फिकी निळी बारीक रेघ. सिंहवाले वॉर मेडल, त्याची फीत लाल-निळा-पांढरा. ते लढाईतल्या आणि पिछाडीच्या सगळ्यांनाच मिळाले, त्यावरून पलटण ठरत नाही. आणि फितीवर कधीच पूर्ण भरवसा ठेवू नका. मेडल बाजारात नव्याने बांधून घेताना फिती सर्रास अदलाबदल होतात.

कागदपत्र_टिळकवाडी

पणजोबांबद्दल. घोडेस्वाराचे ते ब्रिटिश वॉर मेडल. पहिल्या महायुद्धातल्या मेडलवर नाव शिक्क्याने उठवलेले असते म्हणून हे सोन्यासारखे आहे, जपा. कडेवरचे '११७ महराठाज' म्हणजे १९२२ नंतरची पाचवी, 'रॉयल' किताबाची पलटण. बाकीच्यांसाठी तक्ता सांगून ठेवतो: १०३ ची पहिली झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, आणि ११४ ची दहावी म्हणजे बेळगावची ट्रेनिंग पलटण.

कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. त्यामुळे घरची गोष्ट अशक्य नाही. पण एक कसोटी लावा. ३१ डिसेंबर १९१५ पर्यंत जो लढाईच्या मुलखात पोचला त्याला '१९१४–१५ स्टार' नावाचे वेगळे मेडल मिळाले, पितळी रंगाचे, चार टोकांचे, दोन तलवारी आडव्या, नाव मागच्या सपाट बाजूला. कुत ७ डिसेंबरलाच वेढले गेले. म्हणजे आत असलेल्या प्रत्येक शिपायाला तो स्टार लागू होता. तुमच्याकडे तो नाही. एकतर हरवला, नाहीतर पणजोबा १९१६ नंतर पुन्हा उभ्या केलेल्या ११७ मध्ये गेले. बरोबरचे व्हिक्टरी मेडलही (काशाचे, पंखवाली देवी, इंद्रधनुष्यी फीत) दिसत नाही, म्हणजे संच बहुधा अपुरा आहे. तेव्हा दोन्ही शक्यता उघड्या ठेवा. आणखी एक धागा: कुत पडल्यावर पकडलेल्यांना तुर्कस्तानकडे चालवत नेले, पुष्कळ हिंदी कैदी रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर होते. पणजोबा १९१७ ला गावी होते असा काही पुरावा (जमिनीचा व्यवहार, मुलाचा जन्म) असेल तर कैदेची गोष्ट बाद होते.

नंबराबद्दल सावध. पहिल्या महायुद्धात नंबर पलटणीपुरता असे. तोच नंबर ११० मध्येही सापडेल, दुसऱ्याच माणसाचा. नंबर आणि पलटण जोडीनेच शोधायचे.

चंदगड_सीमेवरून

गावच्या पाटीतली नावे मिळतील. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोध फुकट आहे. फक्त एक लक्षात घ्या, तिथे मेलेल्यांचीच नोंद आहे. परत आलेला माणूस तिथे सापडणार नाही. पहिल्या युद्धासाठी ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचे आणि दुसऱ्यासाठी ३१ डिसेंबर १९४७ पर्यंतचे मृत्यू धरलेत.

नावाने शोधू नका, गावाने शोधा. हिंदी शिपायांच्या नोंदीत 'अधिक माहिती'च्या रकान्यात बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा असते. तिथे गावाचे नाव टाका, मग तालुका, मग नुसते 'बेलगाम' आणि रेजिमेंट 'महराठा'. स्पेलिंग गोऱ्या कारकुनाच्या कानाप्रमाणे आहे. जाधवचे जादो, गडचे गढ, ळ चा ल, शेवटचा अनुस्वार गायब. एका गावासाठी पाच-सहा रूपे करून बघावी लागतात की. 'बेळगावी' टाकाल तर काहीच येणार नाही, ते नाव १ नोव्हेंबर २०१४ पासूनचे.

आणि जिल्हा आजचा धरू नका. आमचे चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होते, म्हणून आज कोल्हापूर जिल्ह्यातली माणसे 'बेलगाम'खाली आहेत. उलट आज बेळगाव जिल्ह्यात असलेली कित्येक गावे तेव्हा सांगली, कुरुंदवाड, रामदुर्ग, कोल्हापूर अशा संस्थानांत होती, त्यांच्या नोंदीत जिल्ह्याऐवजी संस्थान येते. बिदरकडचे असाल तर निजामाचे हैदराबाद. हा घोळ माहीत नसल्याने 'आमच्या गावचे कुणीच नाही' असे म्हणून लोक थांबतात.

मेसोपोटेमियात मेलेल्यांची नोंद बहुधा 'बसरा मेमोरियल' अशी येईल. तिथे समाधी शोधायला जाऊ नका, ज्यांच्या थडग्याचा पत्ता नाही त्यांचे ते स्मारक आहे. भिंतीवर साध्या हिंदी शिपायांची नावेही कोरली नव्हती, पलटणीचे नाव आणि पुढे आकडा. नावे नोंदवहीत. कमिशनने स्वतः २०२१ च्या अहवालात ही विषमता मान्य केली आहे. आपल्या गावच्या पाटीवर नावे लावायला यापेक्षा मोठे कारण लागत नाही.

पंजाबची महायुद्धाची नोंदवही ऑनलाइन आली आहे, ती फक्त पंजाबची. आपल्याकडच्यांनी त्यात वेळ घालवू नये.

निवृत्त_मराठा

रेकॉर्डचा भाग राहिला. अर्ज बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेकॉर्ड ऑफिसला करा. सेंटरच्या गेटवर जाऊन तोंडी विचारण्यात अर्थ नाही, लेखी द्या आणि पोच घ्या. अर्जात: नंबर, हुद्दा, मेडलवर आहे तस्से नाव (आपण म्हणतो ते कंसात), बापाचे नाव, गाव-तालुका-जिल्हा तेव्हाचा आणि आजचा, पलटण, भरती व डिस्चार्जचे साल. सोबत मेडलच्या कडेचा फोटो आणि नाते दाखवायला नाडकचेरीतला (कर्नाटकातले स्थानिक महसूल कार्यालय) वंशवृक्ष. तो कन्नडमध्ये असतो, इंग्रजी भाषांतर जोडा.

मागायचे काय ते नेमके लिहा. 'सर्व माहिती द्यावी' असे लिहिले की 'उपलब्ध नाही' असे उत्तर येते. शिपायाची मुख्य सेवानोंद म्हणजे शीट रोल. पेन्शन नसलेल्याचा शीट रोल २५ वर्षांनी नष्ट करतात, त्यामुळे युद्ध संपताच घरी पाठवलेल्यांचा तो मिळण्याची आशा कमी. पण 'लाँग रोल' कायम ठेवायचा असतो. त्यात नंबर, नाव, भरती आणि नाव कमी झाल्याची तारीख एवढी एका ओळीची नोंद असते. म्हणून 'शीट रोल नसल्यास लाँग रोलमधील नोंदीचा उतारा द्यावा' हे वाक्य अर्जात हवेच. उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज.

तुमच्या बाबतीत एक वाकडे वळण आहे. ३/५ पुढे पॅराशूट पलटण झाली, आजची २ पॅरा. ११ डिसेंबर १९७१ ला टांगाईलला (आजच्या बांगलादेशात) पॅराशूटने उतरली ती हीच. आजोबा १९४६ नंतरही नोकरीत असतील तर कागद बेंगळूरच्या पॅराशूट रेजिमेंटच्या रेकॉर्डकडे असू शकतो. तसेच पाटीतली सगळी माणसे मराठा पलटणीतच होती असे धरू नका. पहिल्या युद्धाअखेर १११ महार्स ही पलटण होती, आणि १९४१ च्या ऑक्टोबरला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली ती बेळगावातच. त्या घरांनी अर्ज सागरच्या महार रेकॉर्डला करावा. पाटी गावाची आहे, तेव्हा महारवाड्यात आणि बाकीच्या आळ्यांतही विचारणा व्हायला हवी. ते राहिले तर नवी पाटी अपुरी.

कागदपत्र_टिळकवाडी

पलटणीची रोजची हालचाल हवी असेल तर वॉर डायरी. लंडनच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये पहिल्या युद्धाच्या 'डब्ल्यूओ ९५' मालिकेत, दुसऱ्याच्या मध्यपूर्वेसाठी १६९, इटलीसाठी १७०, बर्मासाठी १७२. आपल्याकडे राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' पोर्टलवरही शोधा. त्यांत शिपायाचे नाव क्वचित येते, अधिकाऱ्यांचीच येतात. पण आजोबांच्या तारखा हाती असतील तर त्या दिवशी पलटण कुठल्या टेकडीखाली होती ते कळते.

खानापूर_जांबोटी

खूप आभार. पणजोबांच्या मेडलची कड काळी पडलीय, नाव वाचायला घासून स्वच्छ करू का? आणि सोनार म्हणतो नवे कडे जोडून देतो.

कागदपत्र_टिळकवाडी

नको. चिंच, पितांबरी, राख, ब्रासो, काहीही लावू नका. अक्षरे आधीच उथळ आहेत, चार वेळा घासले की गेली. कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, मऊ कापसाने टिपून लगेच कोरडे करा. वाचण्यासाठी खोलीत अंधार करा, मोबाईलची बॅटरी कडेला जवळजवळ समांतर धरा, उजेड तिरका पडला की सावलीत अक्षरे उठतात. कड फिरवत पाच-सहा फोटो घ्या. तरी नाही जमले तर पातळ बटर पेपर कडेवर ताणून मऊ शिसपेन्सिल आडवी हलक्या हाताने फिरवा.

सोनाराला हात लावू देऊ नका. डाक लावताना त्या उष्णतेने कडेची अक्षरे बिघडतात. आणि मूळ मेडल 'सर्टिफिकेट काढून देतो' म्हणणाऱ्या कुणाच्याही हाती द्यायचे नाही, फोटो पुरतात. युद्धात गेलेल्यांच्या नोंदीचे प्रमाणपत्र वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावरून स्वतःलाच उतरवता येते.

निवृत्त_मराठा

पाटीचा मजकूर ठरवताना प्रत्येक नावापुढे नंबर, हुद्दा, पलटण त्या काळच्या नावाने ('११७ महराठाज', '३/५ एम.एल.आय.'), मृत्यूची तारीख आणि स्मारकाचे नाव एवढेच घ्या. आजाराने गेलेल्यांपुढे 'लढाईत धारातीर्थी' लिहू नका. मेसोपोटेमियात आजाराने फार माणसे गेली आणि तीही नोकरीवरच गेली, त्यांच्या नावाला कमीपणा नाही. नुसता आकडा असलेला जुना दगड काढू नका, नवी पाटी शेजारी बसवा. नावे आकड्यापेक्षा कमी भरली तर खाली दोन-तीन ओळींची जागा कोरी ठेवा, पुढे सापडतील तशी भरता येतील.